वक्र सरकला म्हणून किंमत वाढत नाही : प्रथम वर्ष अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्रथम वर्ष अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम ठरवणारे, पेपर काढणारे आणि वर्गात उभं राहून शिकवणारे सर्व सहकारी,

स. न. वि. वि.

प्रवेश पूर्ण होतात, वेळापत्रक लागतं आणि पहिल्या पंधरवड्यातच आपण सगळे फळ्यावर एक फुली काढून मोकळे होतो. मागणीची एक रेघ उतरती, पुरवठ्याची एक चढती, छेदतात तिथे समतोल. शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलांच्या वहीत अर्थशास्त्र म्हणून जे पहिलं चित्र उमटतं ते हेच, आणि पुष्कळांच्या डोक्यात शेवटपर्यंत तेवढंच उरतं. माझं गाऱ्हाणं फुलीबद्दल नाही. ती उपयोगाची आहे, मीही ती शिकवते. गाऱ्हाणं आहे ते तिच्याआधी काहीच नसतं आणि तिच्यानंतर कोणी काही विचारत नाही याबद्दल.

प्रथम वर्षाचे पेपर तपासताना एक उत्तर इतक्या वेळा समोर येतं की पान उलटायच्या आधीच ते ओळखता येतं. प्रश्न असा : 'मागणी वाढल्यास किंमत का वाढते ते आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा.' उत्तर असं : 'मागणी वाढल्यामुळे मागणी वक्र उजवीकडे सरकतो. नवा वक्र पुरवठा वक्राला वरच्या बिंदूत छेदतो. म्हणून किंमत वाढते.' शेजारी पट्टीने काढलेली नीटनेटकी आकृती, दोन्ही अक्षांना नावं, जुना समतोल, नवा समतोल, बाणाची दिशा बरोबर. आदर्श उत्तराशी ताडून पाहिलं तर गुण कापायला जागा नाही.

पण प्रश्न 'का' असा होता आणि या उत्तरात एकही माणूस नाही. कोणी विकत घेत नाही, कोणी विकत नाही, कोणाचा माल संपत नाही. रेघ सरकली म्हणून किंमत वाढली! घडलं काय ते सांगण्यासाठी आपण रेघ काढली होती. मुलांनी रेघेलाच कारण करून टाकलं, आणि आपण त्याला पूर्ण गुण दिले.

खरं उत्तर लिहायला आकृती लागतच नाही. जुन्या किमतीला लोकांना जेवढं हवं आहे तेवढा माल आता बाजारात नाही. काही जण रिकाम्या हाताने परत जातात. त्यांतले काही चार पैसे जास्त द्यायला तयार होतात. विक्रेत्याच्या लक्षात येतं की माल नेहमीपेक्षा लवकर संपतोय आणि भाव थोडा चढवला तरी गिऱ्हाईक तुटत नाही. भाव चढल्यावर काही जण 'नको आता' म्हणून बाजूला होतात आणि तिकडे कोणीतरी जास्त माल आणायला लागतो. हे होत होत जिथे परत जाणारंही कोणी उरत नाही आणि पडून राहिलेला मालही उरत नाही, तिथे भाव टिकतो. ज्याला हे सांगता येतं त्याला आकृती दोन मिनिटांत शिकवता येते. उलटं मात्र होत नाही. आकृती आली म्हणून हे आपोआप येत नाही, याचा पुरावा आपल्या सगळ्यांच्या तपासणीच्या गठ्ठ्यांत आहे.

आणि हे नीट सांगायला घेतलं की वर्गातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी हमखास अडवते : 'पण पूर्ण स्पर्धेत तर कोणालाच किंमत ठरवता येत नाही ना? मग ती चढवली कोणी?' या प्रश्नाला आपलं ठरलेलं उत्तर 'ते पुढच्या वर्षी'. वास्तविक प्रश्न फार मोठा आहे. लेऑन वालरा यांनी एकोणिसाव्या शतकात मागणी-पुरवठा जुळेपर्यंत भाव पुकारत राहण्याची कल्पना मांडली होती. प्रत्यक्षात तो पुकारा करणारा कोणी नसतो. केनेथ ॲरो यांनी १९५९ मध्ये नेमकी हीच अडचण उपस्थित केली, की सगळेच जर बाजारातली किंमत निमूट मान्य करणारे असतील तर ती बदलतो कोण. पुढे नोबेल मिळवणाऱ्या माणसाला पडलेला प्रश्न अठरा वर्षांच्या मुलीला आपण होऊन पडतो, हे तिला सांगायला काय हरकत आहे? त्या दिवशी तिला विषयाबद्दल जे वाटेल ते आपल्या दहा व्याख्यानांनी वाटणार नाही.

विज्ञान शाखेतून आलेली मुलं दुसरा एक प्रश्न विचारतात. गणितात कारण आडव्या अक्षावर आणि परिणाम उभ्या अक्षावर. इथे किमतीमुळे मागणी बदलते म्हणायचं आणि किंमत मात्र उभ्या अक्षावर, असं का? 'आपल्याकडे तसंच असतं' हे उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. तसंच नसतं. ऑगस्तँ कूर्नो यांनी १८३८ मध्ये किंमत आडव्या अक्षावरच ठेवली होती. उभ्या अक्षावर ती पक्की केली आल्फ्रेड मार्शल यांनी, कारण ते उलट बाजूने विचार करत होते : बाजारात एवढा माल आला, तर लोक त्याला किती भाव द्यायला तयार होतील? त्यांच्या १८९० च्या ग्रंथाने ही पद्धत रूढ झाली आणि पुढच्या सगळ्यांनी ती तशीच उचलली. गंमत अशी, की त्याच ग्रंथात मार्शल यांनी आकृत्या तळटीपांत टाकल्या आणि गणित परिशिष्टात. मजकुरात शब्द, माणसं आणि व्यवहार. ज्यांच्या नावाने आपण फुली काढतो त्यांनी ती पानाच्या तळाशी ठेवली होती.

आता व्याख्यांच्या प्रकरणाकडे वळते. संपत्तीविषयक व्याख्या ॲडम स्मिथ यांची, कल्याणविषयक मार्शल यांची, दुर्मिळताविषयक लायोनेल रॉबिन्स यांची. प्रत्येकीचे गुण, प्रत्येकीचे दोष, मग 'कोणती श्रेष्ठ ते सांगा'. मुलं रॉबिन्स श्रेष्ठ असं लिहितात, कारण नोट्समध्ये तो शेवटी येतो. या प्रकरणात सालं पाठ करून घेतली जातात पण त्या साली जगात काय चाललं होतं ते सांगितलं जात नाही. रॉबिन्स यांनी साधनं अपुरी आणि गरजा अनेक अशी मांडणी केली ती १९३२ मध्ये, म्हणजे महामंदीच्या ऐन भरात. कारखाने बंद होते, यंत्रं गंजत होती. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या कामगारांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश बेकार होते. अपुरी पडणं तर सोडाच, साधनं वापराविना पडून होती. चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, जॉन मेनार्ड केन्स यांनी ती पडून का राहतात याचा विचार मांडला आणि त्यातून स्थूल अर्थशास्त्र, म्हणजे अख्ख्या अर्थव्यवस्थेचा एकत्र विचार, उभं राहिलं. ही दोन सालं शेजारी ठेवली की व्याख्या पाठ करायची गोष्ट राहत नाही, दोन माणसं एकाच संकटाकडे पाहत असताना त्यांना काय दिसलं हा प्रश्न होतो. नाहीतर ते प्रकरण सरळ काढून टाका. त्याच्यावाचून कोणाचं काही अडणार नाही.

मग सुरुवात कशाने करायची? माझं मत स्पष्ट आहे : मोजण्याने. पहिले तीन-चार आठवडे एकही वक्र नको. मुलं रोज बातम्यांत जे तीन शब्द ऐकत मोठी झाली आहेत, म्हणजे जीडीपी, महागाई आणि बेरोजगारी, ते आकडे तयार कसे होतात एवढंच शिकवा.

बेरोजगारी घ्या. वर्गाला पाच माणसं द्या. एक जण वर्षभर काम शोधून थकली आणि शोधणं सोडून घरी बसली. एक जण आठवड्यात दोन तास शिकवणी घेतो, बाकी वेळ नोकरी शोधतो. एक जण घरच्या व्यवसायात बसते, पगार नाही. एक पूर्ण वेळ शिकतो. एकाची नोकरी मागच्या महिन्यात गेली आणि आज त्याची मुलाखत आहे. यांतले बेरोजगार किती? मुलं तीन म्हणतात, चार म्हणतात, भांडतात. मग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा निकष सांगा : काम नसलेला, काम करायला उपलब्ध असलेला आणि काम शोधत असलेला तो बेरोजगार. आणि संदर्भ आठवड्यात, म्हणजे ज्या आठवड्याची माहिती विचारली जाते त्यात, मोबदल्यासाठी किंवा घरच्या व्यवसायात एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. म्हणजे पाचांतला बेरोजगार एकच, शेवटचा. जिने शोधणं सोडलं ती बेरोजगारही नाही, ती श्रमशक्तीतच मोजली जात नाही. लगेच पुढचा प्रश्न कोणीतरी विचारतंच : मग मंदीत पुष्कळ लोक कंटाळून शोधायचं सोडून देत असतील तर बेरोजगारीचा दर कमी दिसेल? दिसू शकतो. एका तासात मुलं जिथे पोहोचतात तिथे 'बेरोजगारीचे प्रकार' या शीर्षकाखाली पाच मुद्दे लिहून घेतलेली मुलं कधीच पोहोचत नाहीत.

महागाईचंही तसंच. दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं पहिल्या वर्षातली बहुतेक मुलं मानतात. (पहिल्या वर्षातलीच कशाला, बातम्या देणारेही मानतात.) १०० ची वस्तू १०८ ला गेली, पुढच्या वर्षी त्यावर ५ टक्के चढले, ११३.४० झाली. दर उतरला, किंमत चढली. फळ्यावर दोन ओळी पुरतात. व्याजदर ४ चा ६ झाला तर तो दोन टक्केबिंदूंनी वाढला की पन्नास टक्क्यांनी, हेही त्याच तासात उरकतं. हे शाळेतलं गणित आहे म्हणून आपण ते सोडून देतो आणि दुसऱ्या वर्षात मुलं अडखळली की कपाळावर हात मारतो.

आणि जीडीपी शिकवताना हा आकडा कोणी, कशासाठी काढायला घेतला ते सांगा. सायमन कुझनेट्स यांनी महामंदीत अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज तयार केला आणि तो अहवाल १९३४ मध्ये तिथल्या सिनेटपुढे ठेवला गेला. देशाचं कल्याण या आकड्यावरून फारसं ताडता येत नाही हा इशारा त्यांनी त्याच अहवालात दिला होता. आपल्याकडे तो इशारा 'राष्ट्रीय उत्पन्न मापनातील अडचणी' या उपशीर्षकाखाली पाचव्या क्रमांकावर जातो. घरात केलेला स्वयंपाक मोजला जात नाही आणि तोच पगारी माणसाने केला तर मोजला जातो, एवढं एक उदाहरण घेऊन मुलांना विचारावं की रेघ कुठे ओढाल. बघा मग वर्ग कसा पेटतो.

एवढं झालं की सिद्धांत येऊ द्या. इथे मला एका गैरसमजाला आधीच उत्तर द्यायचं आहे. मी सिद्धांताच्या विरोधात नाही. 'सगळे सिद्धांत पुस्तकी, प्रत्यक्ष जग वेगळं' असं म्हणणारी मुलं आपणच तयार करतो, कारण सिद्धांतातली ताकद आपण दाखवतच नाही. डेव्हिड रिकार्डो यांचा १८१७ चा तुलनात्मक लाभाचा सिद्धांत चार आकड्यांचा आहे. ठरावीक कापड करायला इंग्लंडमध्ये १०० माणसांचं वर्षभराचं श्रम लागतं, ठरावीक दारू करायला १२०. पोर्तुगालला कापडासाठी ९०, दारूसाठी ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. मुलांना विचारा, पोर्तुगालने इंग्लंडशी व्यापार का करावा? जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, करू नये. मग हिशेब करायला लावा. दोघांनी दोन्ही वस्तू आपापल्या घरी केल्या तर इंग्लंडचे २२० आणि पोर्तुगालचे १७०, एकूण ३९०. इंग्लंडने फक्त कापड दुप्पट केलं तर २००, पोर्तुगालने फक्त दारू दुप्पट केली तर १६०, एकूण ३६०. माल तेवढाच, श्रम ३० ने कमी. एकास एक अदलाबदल केली तर इंग्लंडचे २० वाचले, पोर्तुगालचे १०. जो दोन्हींत मागे आहे त्याचाही फायदा, जो दोन्हींत पुढे आहे त्याचाही. स्वतः बेरीज करून इथवर आलेलं मूल हे विसरत नाही. अर्थशास्त्रात सहजबुद्धीला चकवणारे इतके निखळ निष्कर्ष थोडे आहेत आणि आपण हा 'गृहीतके, तक्ता, टीका' अशा तीन तुकड्यांत वाटून टाकतो.

आणि त्याच तासात पुढचं विचारायला हवं : पोर्तुगालमध्ये कापड विणणाऱ्यांचं काय झालं? चार आकड्यांत त्यांचं उत्तर नाही. देशाचा फायदा झाला आणि विणकरांचा धंदा बसला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सिद्धांत काय सांगतो आणि कशाबद्दल गप्प बसतो, हे दोन्ही दिसलं तर मूल तो सिद्धांत शिकलं असं मी म्हणेन.

याच ठिकाणी गृहीतकांबद्दल बोलायला हवं. प्रत्येक सिद्धांताखाली आपण गृहीतकांची यादी देतो आणि मुलं ती इमानदारीने पाठ करतात : उपभोक्ता विवेकी असतो, उत्पन्न स्थिर असते, आवडीनिवडी बदलत नाहीत. दोन गुण. मग खाली 'टीका' : गृहीतके अवास्तव आहेत. आणखी दोन गुण. कोणताही सिद्धांत घ्या, ही टीका कुठेही चिकटते. यादीतलं तिसरं गृहीतक काढलं तर निष्कर्षाचं काय होतं, हा प्रश्न मी एकाही पेपरात पाहिलेला नाही. नेमका तोच तर अर्थशास्त्राचा अभ्यास आहे.

किमान वेतनाचं उदाहरण यासाठी फार सोयीचं आहे. फुलीवर ते एका रेघेत शिकवून होतं : समतोलाच्या वर वेतन बांधलं की कामगारांची मागणी घटते, बेकारी वाढते. १९९२ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांत आधी आणि नंतर माहिती घेतली. १९९४ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं दिसत नाही. खळबळ उडाली. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांची आकडेवारी वापरून उलट निष्कर्ष काढला, कार्ड-क्रूगर यांनी त्याला पुन्हा उत्तर दिलं. २०२१ च्या नोबेलमध्ये कार्ड यांचा वाटा होता. क्रूगर त्याआधीच, २०१९ मध्ये, वारले होते. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

हे पहिल्या वर्षाला झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा सांगून पाहावं. सीमेच्या दोन बाजू, एकीकडे बदल, दुसरीकडे नाही, दोन्हींतल्या फरकांचा फरक काढा : यात मुलांना न समजण्यासारखं काय आहे? मग विचारा की फुलीने काढलेला निष्कर्ष कुठे अडकला असेल. अमुक वेतनाला हवे तेवढे कामगार मिळतात, मालकाच्या हातात वेतन ठरवणं नसतं, हे गृहीतक होतं. ते सुटलं, गावात मालक एक-दोनच असले, तर किमान वेतन वाढूनही रोजगार घटेलच असं नाही. एका मर्यादेपर्यंत तो वाढूही शकतो. अशा बाजाराचं विवेचन जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच केलं होतं. मात्र वेतन कितीही वाढवलं तरी चालतं असं यातून निघत नाही, हेही त्याच दमात सांगावं लागतं. नाहीतर मुलं एका पाठांतरातून उठून दुसऱ्या पाठांतरात बसतात.

गिफेन वस्तूवर, म्हणजे भाव वाढला की जिची मागणीही वाढते अशा वस्तूवर, मी थोडक्यात लिहिते, कारण तो तास अनेक ठिकाणी अजूनही आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळावर उभा आहे. १८४५ पासून तिथल्या पिकावर रोग पडला, बटाटा महागला, आणि गरीब लोक बटाटाच जास्त खाऊ लागले, अशी ती कथा. पीकच बुडालं होतं तर सगळ्यांनी मिळून जास्त बटाटा खाल्ला कुठून? एवढा साधा प्रश्न कोणा विद्यार्थ्याने विचारला तर त्याला उभं करून शाबासकी द्यावी. अर्थतज्ज्ञांनीही ही कथा याच कारणाने मोडीत काढली आहे. त्यापेक्षा रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातल्या गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत देऊन केलेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगा. सवलत मिळाल्यावर त्या घरांतला तांदूळ कमी झाला.

गणिताबद्दल आपण मुलांशी प्रामाणिक वागत नाही. 'गणित नको म्हणून अर्थशास्त्र घेतलं' असं सांगणारी मुलं दर वर्षी प्रवेश घेतात आणि कोणी त्यांना थांबवून सांगत नाही की पुढच्या वर्षी कलनातले डेरिव्हेटिव्ह येणार आहेत, त्यानंतर सांख्यिकी आणि अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवर सिद्धांत तपासणं. पहिल्या दिवशी सांगा. घाबरवू नका, पण सांगा. दुसऱ्या टोकाला, गणितात तरबेज असलेली मुलं चिन्हं भराभर हलवतात आणि उत्तराचा अर्थ विचारला की थांबतात. त्यांना मार्शल यांनी १९०६ मध्ये आर्थर बाउली यांना लिहिलेल्या पत्राबद्दल सांगायला हरकत नाही. गणित लघुलेखनासारखं वापरा, मग ते साध्या भाषेत उतरवा, खऱ्या आयुष्यातली उदाहरणं द्या आणि मग गणित जाळून टाका, असा त्याचा आशय. लिहिणारा माणूस केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आलेला होता, हे विसरू नये.

लवचिकता, म्हणजे भाव टक्क्यांत जेवढा बदलतो त्या मानाने मागणी किती टक्के बदलते ते, हा या दोन्ही प्रकारच्या मुलांचा अडखळण्याचा दगड. सरळ रेषेच्या मागणी वक्राचा उतार सगळीकडे सारखा, म्हणून लवचिकताही सारखी, असं दोघांनाही वाटतं. सूत्र देण्याआधी तीन ओळी लिहून द्या. किंमत आणि नग यांची बेरीज नेहमी १० येते असं धरा. किंमत ८, नग २, विक्री १६. किंमत ५, नग ५, विक्री २५. किंमत २, नग ८, विक्री पुन्हा १६. भाव उतरवत गेलं तर गल्ला आधी वाढतो, मग घटतो. रेघ तीच, उतार तोच. आता सूत्र लिहा.

अभ्यासक्रमाबद्दल तक्रार करणारी मी पहिली नव्हे. २००० मध्ये फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी, शिकवलं जाणारं अर्थशास्त्र काल्पनिक जगाबद्दल आहे अशी जाहीर तक्रार केली. नोव्हेंबर २०११ मध्ये हार्वर्डच्या सुरुवातीच्या अर्थशास्त्राच्या वर्गातून काही विद्यार्थी उठून बाहेर पडले. २०१४ मध्ये अनेक देशांतल्या विद्यार्थी संघटनांनी मिळून खुलं पत्र काढलं. त्यांच्या तक्रारीशी मी बरीचशी सहमत आहे, त्यांच्या उपायाशी तेवढी नाही. पहिल्याच वर्षी सहा विचारसरणी शिकवा, ही मागणी ऐकायला उदार वाटते. परीक्षेत तिचं काय होईल ते आपल्याला ठाऊक आहे : सहा विचारसरणींची वैशिष्ट्ये, प्रत्येकी पाच, आणि टीका. एकच प्रश्न दोन बाजूंनी तुटेपर्यंत ताणून पाहिलेलं मूल पुढे सातवी विचारसरणीही स्वतः वाचेल.

तुमचा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझाही असतो : पोर्शन कधी पूर्ण करायचा? म्हणून काय काढता येईल तेही सांगते. व्याख्यांची तुलना काढा. बाजाराच्या प्रत्येक प्रकाराची सात-आठ वैशिष्ट्यं काढा, पूर्ण स्पर्धा आणि मक्तेदारी नीट करा, मधलं दुसऱ्या वर्षाला जाऊ द्या. समवृत्ती वक्रांवरून उत्पन्न परिणाम आणि पर्यायता परिणाम (भाव बदलल्यावर खरेदी किती ऐपत बदलल्याने बदलली आणि किती दुसऱ्या वस्तूकडे वळल्याने) वेगळे काढण्याची कसरत पुढे ढकला. पहिल्या वर्षात ती आकृती शंभरात पाच जणांना कळते आणि पंचाण्णव जण ती चित्रकलेसारखी उतरवतात. एवढ्यात मोजण्याचे चार आठवडे सहज सुटतात.

आणि पेपर. बाकी सगळं पटलं नाही तरी एवढं ऐका, कारण मुलं शिकवलेलं शिकत नाहीत, विचारलेलं शिकतात. 'आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा' या प्रश्नांसोबत प्रत्येक पेपरात निदान एक प्रश्न 'आकृती न काढता स्पष्ट करा' असा ठेवा. 'गृहीतके लिहा' ऐवजी 'यातील कोणतेही एक गृहीतक काढल्यास निष्कर्ष कसा बदलेल?' असं विचारा. 'टीकात्मक परीक्षण करा' ऐवजी एक छोटी बातमी छापून तिच्यातल्या आकड्याबद्दल तीन प्रश्न विचारा. तपासायला वेळ जास्त लागेल, हे खरं आहे. आदर्श उत्तर एका पानात मावणार नाही आणि दोन तपासनिसांच्या गुणांत फरक पडेल, तेही खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे तपासणीआधी वीस-पंचवीस उत्तरपत्रिका सगळ्यांनी मिळून वाचायच्या आणि कशाला किती गुण ते ठरवायचं. भाषेच्या विभागांत हे वर्षानुवर्षं चालतं.

पुढच्या पेपरासाठी मी असे काही प्रश्न तयार केले आहेत आणि ते आपल्या मंडळाच्या बैठकीपुढे ठेवणार आहे. ज्यांना ते वर्गात आधी करून पाहायचे असतील त्यांनी खुशाल वापरावेत, बदलावेत. मुलांनी काय उत्तरं दिली ते मात्र मला कळवा, विशेषतः जी उत्तरं चुकीची आहेत पण विचार करून दिलेली आहेत ती. बैठकीत त्यांना गुण द्यायचे की नाही यावर आपलं जमणार नाही असा माझा अंदाज आहे, म्हणून तो विषय पहिलाच घ्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
प्रथम वर्षाला शिकवणारी एक सहकारी